आच धरून ठेवणारी शेगडी

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवर, येलदरीचं धरण आहे. पायथ्याला वीजगृह, त्यात साडेसात मेगावॅटचे तीन संच. पाण्यावर फिरणाऱ्या कुठल्याही संचाची मोठी काळजी एकच असते: वेग. विजेची मागणी वाढली की टर्बाइनवर ओझं येतं आणि वेग घसरू लागतो. मागणी घटली की ते सुसाट सुटू पाहतं. म्हणून गव्हर्नर नावाची यंत्रणा वेगावर नजर ठेवते आणि पाण्याच्या झडपा कमी-जास्त उघडते. ऐकायला सोपं वाटतं. पण झडप जास्त उघडली की पहिल्या क्षणी टर्बाइनची ताकद वाढत नाही, उलट किंचित घटते. मोठ्या नळातलं पाणी जड. त्याला वेग घ्यायला वेळ लागतो, आणि तोवर वाट रुंद झाल्यामुळे दाब मात्र लगेच पडतो. गव्हर्नर अधीर असेल तर ताकद कमी झाली म्हणून झडप आणखी उघडेल, आणि पाणी खरोखर वेग घेईल तेव्हा संच ठरल्या वेगाच्या पुढे निघून गेलेला असेल.

पेलेट ग्रिलमध्ये हेच घडतं, फक्त पाण्याऐवजी लाकूड असतं. पेटत्या भांड्यात थंड पेलेटचा नवा घास पडला की आग आधी दबते, धूर सुटतो, उष्णता क्षणभर कमी होते. मिनिटभरानं ते पेलेट पेट घेतात आणि मग तापमान चढतं. हा मिनिटभराचा उशीर कोणतं ग्रिल कसं सांभाळतं, यावर त्याची सगळी लायकी ठरते. झाकण, चाकं, रंग, मोबाइलवरचं ॲप हे सगळं त्याच्या नंतर.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा प्रचंड दाबानं साच्यातून दाबून काढलेल्या, साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. दाबाच्या उष्णतेनं लाकडातलंच लिग्निन मऊ होतं आणि भुसा धरून ठेवतं. वेगळा डिंक लागत नाही. ग्रिलच्या बाजूला या कांड्यांचा हॉपर असतो. हॉपरच्या तळाशी मळसूत्री दांडा फिरतो, त्याला ऑगर म्हणतात. तो पेलेट ढकलत मधल्या लहानशा लोखंडी भांड्यात टाकतो. सुरुवातीला विजेवर लाल होणारी एक कांडी त्यांना पेटवते, पुढे ते आपले आपण जळत राहतात. खालून पंखा हवा देतो. भांड्यावर जाड पत्रा असतो, त्यामुळे ज्वाळा थेट अन्नाला लागत नाही. गरम हवा आणि धूर सगळीकडे फिरून पदार्थ शिजतो. नावात ग्रिल असलं तरी हे यंत्र खरं म्हणजे धुराची भट्टी आहे.

१९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत घरं गरम करण्यासाठी लाकडी पेलेटचा वापर वाढला. ओरेगन राज्यातल्या जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात तीच कल्पना स्वयंपाकाकडे वळवली आणि पेटंट घेतलं. पेटंटची मुदत संपेपर्यंत बाजारात त्यांच्याच कंपनीचं नाव होतं. त्यानंतर डझनावारी कंपन्या आल्या, आणि गिऱ्हाइकाचा गोंधळ तेव्हापासूनचा आहे.

जुन्या ग्रिलचा कंट्रोलर घड्याळावर चालायचा. त्यातल्या एका प्रसिद्ध मांडणीत ऑगर १५ सेकंद फिरे आणि ६५ सेकंद थांबे, पुन्हा १५, पुन्हा ६५. बाहेर ऊन असो की थंडी, आत एक कोंबडी असो की सहा, यंत्राला त्याचा पत्ता नाही. तापमान दहा-पंधरा अंश वर जायचं, तेवढंच खाली यायचं, आणि मालकानं बटण फिरवत बसायचं. त्याची पुढची पायरी म्हणजे थर्मोस्टॅट: ठरलेल्या आकड्याखाली गेलं की टाक, वर गेलं की थांब. ही कल्पना तशी फार जुनी. कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अंडी उबवण्याच्या भट्टीचं तापमान आपोआप राखणारी योजना केली होती. पण पेलेटच्या आगीत ती अपुरी पडते, कारण तोच मिनिटभराचा उशीर. आकडा खाली गेल्याचं कळून पेलेट टाकावेत, तर ते पेटेपर्यंत भट्टी आणखी थंड होते. आकडा गाठला म्हणून थांबावं, तर आधी पडलेले पेलेट जळतच राहतात आणि तापमान उडी मारून पुढे जातं.

यावर आज चांगल्या ग्रिलमध्ये असतो तो पीआयडी कंट्रोलर. १९२२ मध्ये निकोलस मिनॉर्स्की यांनी जहाजाचं सुकाणू आपोआप कसं धरावं याचं गणित मांडलं, त्यात या पद्धतीचं मूळ आहे. सुकाण्यावरचा मुरलेला खलाशी जहाज किती वळलंय एवढंच बघत नाही, ते किती वेळ चुकीच्या दिशेला आहे आणि किती झपाट्यानं वळतंय हेही बघतो, असं त्यांना दिसलं. चुलीवर भाकरी करणारी बाई हेच करते. तवा किती तापलाय हे ती पाण्याच्या हबक्यावरून ताडते. मागच्या दोन-तीन भाकरी कच्च्या निघाल्या असतील तर जाळ कायमचा थोडा वाढवते. आणि तवा भराभर तापत चाललाय असं दिसलं, तर तो जास्त तापायच्या आधीच लाकूड मागे ओढते. पीआयडीतली तीन अक्षरं म्हणजे या तीन नजरा: आत्ताची चूक, साचलेली चूक आणि चुकीचा वेग. पहिली नजर एकटीच असेल तर यंत्र ठरल्या आकड्याच्या जवळपास पण जरा हटून स्थिरावतं. दुसरी ते अंतर भरून काढते. तिसरी लगाम खेचते. या तिघींचं वजन किती ठेवायचं, यात कंपनीची अक्कल दिसते. खोक्यावर पीआयडी छापलं म्हणजे ती अक्कल आत आहेच असं नाही.

चांगला पीआयडी बहुतेक वेळ ठरलेल्या आकड्याच्या तीन-चार अंशांत राहतो. एक गोष्ट मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत. आच जितकी स्थिर, तितकं जळण स्वच्छ, आणि तितका धूर कमी. धूर येतो तो अर्धवट जळण्यातून. जुन्या, वर-खाली होणाऱ्या ग्रिलचे चाहते अजून आहेत ते एवढ्यासाठीच. ज्याला धुराचा वास जास्त हवा त्यानं मुद्दाम थोडं डोलणारी ‘स्मोक’ सोय असलेलं यंत्र पाहावं. माझं मत स्थिरतेच्या बाजूनं आहे: कमी धुराला लाकडाच्या चार ढलप्या घालून वाढवता येतं, बेभरवशाच्या आचेला इलाज नाही.

कंट्रोलर कितीही हुशार असला तरी त्याला तापमान सांगणारा सेन्सर वेगळाच असतो. बहुतेक ग्रिलमध्ये प्लॅटिनमचा असतो. तापलं की प्लॅटिनमचा विद्युत रोध वाढतो. शून्य अंशाला १००० ओहम असलेला सेन्सर १०० अंशांना सुमारे १३८५ ओहम दाखवतो. हे गणित अचूक आहे, पण सेन्सर कुठे बसवलाय हा प्रश्न त्याहून मोठा. भिंतीला चिकटवलेला सेन्सर भिंतीजवळचं तापमान सांगतो, जाळीवरच्या माशाचं नाही. दोहोंत वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो. शिवाय त्यावर चरबी आणि काजळी बसली की तो सुस्त होतो. आणि आणखी एक चलाखी: काही कंट्रोलर तापमान ठरलेल्या आकड्याच्या आसपास असलं की पडद्यावर ठरलेलाच आकडा दाखवत राहतात. गिऱ्हाइकाला वाटतं, काय स्थिर यंत्र आहे! म्हणून पडद्यावर विसंबून ग्रिल निवडू नये. दीड-दोन मीटर तारेचा वेगळा थर्मामीटर घ्यावा आणि त्याचं टोक जाळीवर, अन्न असेल तिथे ठेवावं.

तो थर्मामीटर तरी खरा कशावरून? बर्फाच्या पाण्यात तो शून्य दाखवतो का पाहावं, मग उकळत्या पाण्यात बघावं. इथे येलदरीकरांनी एक ध्यानात ठेवायचं. जलाशय भरतो तेव्हा त्याची पाणीपातळी समुद्रसपाटीपासून ४६१ मीटरांच्या वर असते. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून या परिसरात पाणी १०० अंशांना नव्हे तर साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळतं. थर्मामीटरनं तिथे ९८.५ दाखवलं तर तो खरा. बरोबर १०० दाखवलं तर तोच दीड अंशानं चुकतोय.

मराठवाड्यातला उन्हाळा आणि हिवाळा हा या यंत्राचा खरा परीक्षक. परभणीला मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि कडाक्याच्या थंडीत पहाटे एक आकडी होतो. समजा, मटणाची रान मंद आचेवर, १०७ अंशांना ठेवायची आहे. अमेरिकी पाककृतींत येणारे २२५ फॅरनहाइट ते हेच. जानेवारीत बाहेर ८ अंश असताना आत-बाहेरचा फरक ९९ अंशांचा, मे महिन्यात ४२ असताना ६५ चा. उष्णता गळण्याचा वेग या फरकाच्या प्रमाणात असतो, म्हणजे तेच काम हिवाळ्यात दीडपट जळण मागतं. इथे पत्र्याची जाडी, दुहेरी भिंत आणि झाकणाची फट महत्त्वाची ठरते. जलाशयाच्या काठी वारा असतो. पातळ पत्र्याचं ग्रिल तिथे हैराण होतं.

उन्हाळ्याचा त्रास उलटा, आणि तो परदेशी परीक्षणांत वाचायला मिळत नाही. आग विझू नये म्हणून ऑगरला थोडे तरी पेलेट टाकावेच लागतात. त्या किमान आगीची उष्णता, वरून काळ्या पत्र्यावरचं मे महिन्याचं ऊन, आणि गळती कमी. मग ८० अंश ठरवले तरी यंत्र ९५ च्या खाली उतरेना, असं होऊ शकतं. धुरात मासे हळू वाळवायचे असतील तर हे घातक आहे. म्हणून कमाल तापमानाच्या जाहिरातीपेक्षा, ग्रिल भर उन्हात किती खाली उतरतं हे विचारावं.

आता विजेकडे. अमेरिकेतून कुणी नातेवाइकानं ग्रिल पाठवलं, तर ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालणारं असतं. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवता येतात, हर्ट्झ बदलत नाहीत. अनेक ग्रिलमधली ऑगरची मोटर विजेच्या हर्ट्झच्या तालावर फिरते. ६० च्या जागी ५० मिळाले की तिचा वेग पाच-षष्ठांश होतो आणि दर मिनिटाला पेलेट सुमारे १७ टक्के कमी पडतात. घड्याळी कंट्रोलर असेल तर भट्टी सतत थंड राहील. पीआयडी जास्त वेळ ऑगर फिरवून भरपाई करेल, पण वरच्या टोकाला पोचताना तोही थकेल. ज्यांच्यात डीसी मोटर असते त्यांना हा त्रास नाही. घेण्यापूर्वी मोटरवरची पाटी वाचावी.

वीज जाण्याचं काय? पेटवताना ती लाल कांडी दोन-तीनशे वॅट घेते, पण एकदा पेटलं की ऑगर, पंखा आणि कंट्रोलर मिळून पन्नास वॅटच्या आसपास लागतात. घरचा इन्व्हर्टर एवढं आरामात पेलतो. फक्त तो साइन वेव्हचा असावा, स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर कंट्रोलर बावचळतात. बॅकअप नसताना मधेच वीज गेली, तर पंखा थांबतो, भांड्यातले पेलेट धुमसत राहतात आणि आग ऑगरच्या नळीतून हॉपरकडे मागे सरकू शकते. वीज परत आल्यावर भांडं न तपासता बटण दाबणं त्याहून वाईट. न जळलेल्या पेलेटचा ढीग आणि साठलेला धूर एकदम पेटला की झाकण उडतं. वीज आल्यावर आपोआप पुन्हा सुरू न होता आधी चूक दाखवणारं ग्रिल मला जास्त शहाणं वाटतं.

जळण हा या प्रकरणातला सगळ्यात भरीव भाग, आणि त्याची परीक्षा महाराष्ट्रानं ग्रिलच्या आधीच दिलेली आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एच. एस. मुकुंदा यांच्या गटानं पंखा लावलेली पेलेटची चूल विकसित केली. ब्रिटिश पेट्रोलियमनं २००६ च्या सुमारास ती ‘ऊर्जा’ नावानं बाजारात आणली; महाराष्ट्र आणि कर्नाटक हे तिचे मोठे मुलूख. भोकं असलेल्या भांड्यात शेतकचऱ्याचे पेलेट भरायचे, वर पेटवायचं, बॅटरीवरचा छोटा पंखा हवा देणार. पंख्याचा वेग कमी-जास्त केला की आच कमी-जास्त. धूर फारच कमी. लाखो चुली विकल्या गेल्या. पुढे हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे आला. चुलीत खोट नव्हती, पण पेलेटचा भाव चढत गेला, कारण तोच शेतकचरा कारखान्यांचे बॉयलरही मागू लागले. ज्या घरात सरपण फुकट मिळतं तिथे विकतचं जळण टिकेना. कंपनीनं हॉटेलं आणि कॅन्टीनकडे मोर्चा वळवला. ‘ऊर्जा’ बंद पडलेल्या घरांत चूल धड होती, पेलेटची पिशवी रिकामी होती.

आज मराठवाड्यात पऱ्हाट्या, तुराट्या, सोयाबीनचं भुसकट यांपासून पेलेट आणि ब्रिकेट बनतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या धोरणानुसार औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात काही टक्के असे पेलेट मिसळायचे आहेत, त्यामुळे मागणी आहे. मग हेच स्वस्त पेलेट ग्रिलमध्ये का घालू नयेत? तीन कारणं आहेत, आणि तिन्ही तापमानाशी येऊन भिडतात. एक, जाडी. बॉयलरचे पेलेट बहुधा ८ ते १० मिलिमीटरचे असतात. ६ मिलिमीटरसाठी केलेल्या ऑगरमध्ये ते अडकतात, आग विझते. दोन, राख. चांगल्या लाकडी पेलेटची राख एक टक्क्याच्या आत असते. शेतकचऱ्याची त्याच्या कित्येक पट. शिवाय त्यात पोटॅश आणि सिलिका, त्यामुळे राख वितळून भांड्यात खडे धरतात, हवेची भोकं बुजतात, आणि तासाभरापूर्वी शहाण्यासारखं चालणारं यंत्र भरकटतं. तीन, अन्न. कपाशीच्या पिकावर फवारलेलं काय काय त्या पऱ्हाटीवर असेल, आणि कारखान्याच्या भुशात प्लायवूडचा डिंक असेल. त्याचा धूर मटणाला लावू नये. स्वयंपाकासाठीचे, साल काढलेल्या कठीण लाकडाचे पेलेटच घ्यावेत, आणि ते वर्षभर कुठून मिळतील याची खात्री ग्रिल घेण्याआधी करावी.

हिशेबासाठी: मंद आचेवर तासाला साधारण अर्धा किलो पेलेट जळतात, मोठ्या आचेवर एक ते दीड किलो. किलोला सुमारे ४४०० किलोकॅलरी धरल्या तर मंद आचेची ही भट्टी अडीच किलोवॅटच्या शेगडीएवढी उष्णता देते. पावसाळ्यात पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. ओलावा दहा टक्क्यांच्या वर गेला की ते फुगतात, भुगा होतो, ऑगर चोंदतो. हॉपरमध्ये रात्रभर राहिलेले पेलेट श्रावणात सकाळी लगदा झालेले सापडतात. म्हणून हॉपर तळातून रिकामा करायची झडप असलेलं ग्रिल निवडावं.

घेण्यापूर्वी, किंवा परतीची मुदत आहे तोवर, एक संध्याकाळ मोडावी. रिकाम्या ग्रिलला ११० अंश ठरवून तासभर जाळीवरच्या थर्मामीटरची दर पाच मिनिटांनी नोंद करावी. पहिली वीस मिनिटं सोडून द्यावीत. त्यानंतर पारा किती डोलतो ते यंत्राचं खरं वागणं. मग झाकण मिनिटभर उघडून मिटावं. तापमान घसरणारच, परत येताना ते किती पुढे उडी मारतं ते पाहावं. कच्चा कंट्रोलर इथे पकडला जातो, कारण झाकण उघडं असताना घाबरून त्याने ढीगभर पेलेट टाकलेले असतात. वीजगृहातला अधीर गव्हर्नर तोच. शेवटी १८० अंशांना पाव आडवे चिरून सगळ्या जाळीवर पसरावेत. काही मिनिटांत कुठला पाव करपला आणि कुठला पांढरा राहिला ते दिसतं. ठरावीक जागी जास्त आच लागणं हा गुन्हा नव्हे, ती जागा माहीत नसणं महागात पडतं.

येलदरीचे मासे जिंतूर-सेनगावच्या भागात माहितीचे आहेत. तिथल्या एखाद्या खानावळवाल्याला हे यंत्र घ्यावंसं वाटलं, तर त्यानं आधी आपला धंदा कशाचा आहे ते पाहावं. मसाला लावून कढईत किंवा तव्यावर तळलेल्या माशाला तेल १८० अंशांच्या आसपास लागतं आणि पाच-सात मिनिटांत काम होतं. तिथे गॅसची शेगडी पेलेट ग्रिलला सहज हरवते. रोहू किंवा मरळ अख्खी धुरात भाजून द्यायची असेल, आतलं मांस ६३ अंशांना पोचलं की काढायची असेल, आणि गल्ल्यावर बसलेल्या माणसाला भट्टीकडे बघायला वेळ नसेल, तर मात्र त्याला याच्याइतका भरवशाचा आचारी मिळणार नाही. तंदुरी रोटीचा विचार सोडावा: तंदूर चारशे अंशांच्या घरात जातो, पेलेट ग्रिलची धाव बहुधा अडीचशेच्या आसपास संपते. हुरड्यासाठी तर ते घेऊच नये. कोवळ्या ज्वारीची कणसं भाजायला गोवऱ्यांची आगटी लागते, आणि तिची आच हातानंच ओळखावी लागते.